उन्हवऱ्याचं पाणी एवढं कढत, मग तिथे बोअर मारून वीज का काढत नाहीत?

चिपळूणचा_बाळ्या
परवा मामाकडे दापोलीला गेलेलो, तिथून उन्हवऱ्याच्या कुंडावर जाऊन आलो. ७० डिग्रीच्या आसपास पाणी, बोट पण बुडवता येत नाही. तुरळ, राजवाडी, अरवली, राजापूरचं उन्हाळे, वर पार गणेशपुरी-वज्रेश्वरीपर्यंत ओळीने झरे आहेत, मग कुंडाशेजारीच खोल बोअर का मारत नाहीत? मामा म्हणतो पाणाड्या नारळ घेऊन जागा दाखवतो, तुमचे शास्त्रज्ञ वेगळं काय करतात? मी गप्प.

कातळ्या
कुंडाशेजारी बोअर हीच तर गडबड आहे. पाणी खालून सरळ वर येतंच असं नाही, भेगेभेगेतून तिरकं लांबून येतं आणि वाटेत गार पाणी मिसळतं. कुंड म्हणजे धुराडं समज, चूल कुठे आहे ते वेगळं शोधायला लागतं.

पहिली स्वस्तातली ट्रिक म्हणजे पाण्यातली सिलिका (वाळूत असते तीच) मोजायची. पाणी जेवढं गरम तेवढी सिलिका जास्त विरघळते आणि वर येताना पाणी थंड झालं तरी ती पटकन खाली बसत नाही, म्हणून खालच्या तापमानाचा अंदाज लागतो. कोकणात तो साधारण शंभर-सव्वाशेच्या घरात येतो. पण गार पाणी मिसळलं की आकडा कमी दिसतो, म्हणून सोडियम-पोटॅशियमवरून पण काढतात, आणि दोन्ही आकडे जुळले नाहीत की बसा भांडत. एवढ्या तापमानाला थेट वाफेवर टर्बाइन चालवणं अवघडच, बायनरी प्लांट लागतो, म्हणजे कमी तापमानाला उकळणारं दुसरं द्रव वापरायचं.

एमटीवाला
त्यानंतर एमटी सर्व्हे, म्हणजे मॅग्नेटोटेल्युरिक. सूर्य आणि विजांमुळे जमिनीत जे बारीक करंट फिरतात ते मोजून खोलवरच्या खडकाचा विद्युतरोध काढतात. गरम पाण्याने खडकाची चिकणमाती झाली असेल तर रोध कमी दिसतो. पण खाऱ्या पाण्याने पण कमीच दिसतो, आणि कोकणातल्या बऱ्याच झऱ्यांचं पाणी खारट, घ्या आता. त्यात एकदा आम्ही हायटेन्शन लाइनजवळ सेन्सर पुरले, रात्रभर डास खाल्ले आणि सकाळी बघतो तर सगळा डेटा कचरा 😑

वर परत बेसॉल्टचं, म्हणजे आपल्या काळ्या कातळाचं जाड झाकण. कोयनेला रिसर्चसाठी ३ किमी बोअर घेतलाय ना, त्यात सव्वा किमीच्या आसपास बेसॉल्ट संपून खालचा ग्रॅनाइटसारखा खडक लागला.

चिपळूणचा_बाळ्या
मग लडाखच्या पुगात पण गरम झरे आहेत ना, तिथे कसं चाललंय?

कातळ्या
तिथे जीएसआयने (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण) १९७० च्या दशकातच ३४ बोअर घेतले होते, पण सगळ्यात खोल ३८५ मीटर, म्हणजे वरवरचेच. २०२१ ला ओएनजीसीने १ मेगावॅटच्या पायलट प्लांटसाठी करार केला. पण ४४०० मीटर उंचीवर रिग चालवणं म्हणजे काय ते तिथे जाऊन आलेल्यालाच विचार.

आणि उलटं पण होतं हां. अमेरिकेत नेवाडात वर एकही झरा नाही अशा जागी खाली गरम पाणी सापडलंय. तिथे फॉल्ट (खडकातल्या मोठ्या भेगा), ग्रॅव्हिटी (गुरुत्वाकर्षणातले बारीक फरक), उथळ बोअरमधलं तापमान असं सगळं एका नकाशावर घालून जागांना मार्क देतात आणि मगच मोठा बोअर, कारण खरा पैसा तिथेच जातो. तरी गॅरंटी नाही, आइसलँडला क्राफ्लामध्ये २००९ साली २.१ किमीवर बोअर थेट मॅग्मात (वितळलेल्या खडकात) घुसला, एवढा अभ्यास झालेली जागा असून.

चिपळूणचा_बाळ्या
मामाला वाचून दाखवलं. विचारतोय बोअर फेल गेला तर पैसे कोणाचे, पाणाड्या निदान नारळ तरी ठेवून जातो 😂