मदत हवी आहे: बेटांवरच्या राखीव सैनिकांबद्दल

मंडळी, अमेरिकी लष्कराच्या राखीव दलातली ९वी मिशन सपोर्ट कमांड कुणाला जवळून माहीत आहे का? मुख्यालय होनोलुलूच्या फोर्ट शाफ्टरला, पण माणसं पार पॅसिफिक महासागरातल्या ग्वाम, सायपान, अमेरिकन समोआ या बेटांपर्यंत विखुरलेली. दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेल्या जपानी वंशाच्या अमेरिकनांची १००वी बटालियन आता याच कमांडमध्ये आहे. राखीव दलातलं हे एकमेव पायदळ!

महिन्यातून एक शनिवार-रविवार कवायत आणि वर्षाला साधारण दोन आठवडे प्रशिक्षण, हे ठीक. पण अमेरिकन समोआतलं पागो पागो ते होनोलुलू म्हणजे चार हजार किलोमीटरहून जास्त. मग सगळ्या कंपन्या एकत्र कशा येतात? विमानभाडं पदरचं की सरकारी? ग्वाममधल्या नोकरदाराला मालक खरंच बिनबोभाट सोडतो का? (कायदा आहे, ठाऊक आहे.) हवाईत राहणारं कुणी असेल तर प्लीज सांगा.