पेट्रोल भरल्यावरच गाडी सुरू होत नाही, मदत हवी आहे

माजिवडेकर:
गेले दोन महिने एकाच त्रासाने हैराण झालो आहे. पंपावर टाकी भरून निघताना गाडी सुरू होत नाही. सेल्फ व्यवस्थित फिरतो, पण इंजिन पकडत नाही; तिसऱ्या-चौथ्या वेळी अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरला की एकदाची सुरू होते, मिनिटभर थरथरते आणि मग काही झालेच नाही अशा थाटात चालते. काल घोडबंदर रस्त्यावरच्या पंपावर मागच्या रांगेने हॉर्न वाजवून जीव नको केला. गॅरेजने प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी साफ केली आणि आता ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, बदलायला सांगत आहेत. त्यांना उद्या संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचे आहे, तेव्हा कृपया लवकर कळवावे.

तुर्भे नाका:
गाडी कोणत्या वर्षाची, किती चाललेली, सीएनजी बसवला आहे का, स्कॅनरवर कोणता कोड आला आणि टाकी किती भरता, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. ईसीएम खराब आहे हे गॅरेजने कशावरून ठरवले, तेही सांगावे.

नौपाड्याचे काका:
पेट्रोलमध्ये पाणी आहे, दुसरे काही नाही. मी तीस वर्षे ठाण्यात गाडी चालवतो आहे आणि पावसाळ्यात हा अनुभव तीनदा घेतला आहे. पंप बदला.

माजिवडेकर:
काका, तीन वेगवेगळ्या पंपांवर हेच झाले आहे. गाडी २०२१ ची, ४१,००० किलोमीटर चाललेली, फक्त पेट्रोलवर. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण मग धागा त्याच वादात जाईल. पहिल्यांदा कोड पी ०१७१ आला, तो पुसल्यावर तीन आठवड्यांनी पी ०१७२ आला. पहिल्याचा अर्थ मिश्रणात पेट्रोल कमी आणि दुसऱ्याचा अर्थ पेट्रोल जास्त, म्हणजे ईसीएम गोंधळला आहे, असे गॅरेजचे म्हणणे आहे. पीयूसी मात्र व्यवस्थित पास झाली.

डिझेलप्रेमी:
डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, भरला असेल. नाशिक महामार्गावर अर्धा तास एकसारख्या वेगाने चालवून पाहावी.

तुर्भे नाका:
डिझेलप्रेमी, डीपीएफ डिझेल गाडीत असतो, ही गाडी पेट्रोलची आहे. काका, पाणी असते तर दुसऱ्या दिवशी सकाळीही गाडीने त्रास दिला असता, मिनिटभरात ती शहाणी झाली नसती. माजिवडेकर, टाकी किती भरता हे अजूनही कळले नाही.

माजिवडेकर:
फुल्लच करतो, पुन्हा पुन्हा रांगेत कोण उभे राहणार? ऑटो कट झाल्यावर पंपावरचा मुलगा राउंड फिगरसाठी आणखी थोडे घालतो. त्याचा इथे काय संबंध?

ऐरोली पूल:
संबंध तिथेच आहे. टाकीतील पेट्रोलची वाफ हवेत सुटू नये म्हणून ती कोळशाने भरलेल्या एका डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये, साठवली जाते आणि इंजिन चालू असताना पर्ज व्हॉल्व्ह उघडून ती थोडी थोडी इंजिनात ओढून जाळली जाते. हा व्हॉल्व्ह वीज नसताना बंद असायला हवा. तो उघडा अडकला, तर टाकी भरताना दाटलेली वाफ सेल्फ मारताच सरळ मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत, शिरते, सिलिंडरमध्ये पेट्रोल प्रमाणाबाहेर जाते आणि इंजिन पकडत नाही. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर जास्त हवा मिळते, म्हणून गाडी सुरू होते. चार-सहा दिवसांनी डब्यातली वाफ संपली की त्याच उघड्या वाटेने नुसती हवा आत येते आणि मिश्रणात पेट्रोल कमी पडते. दोन परस्परविरोधी कोड एकाच उघड्या व्हॉल्व्हमुळे येऊ शकतात; त्यासाठी ईसीएमला दोषी धरण्याची गरज नाही. पीयूसीत सायलेन्सरमधून येणारा धूर तपासतात, व्हॉल्व्ह नाही.

इंधनचिंतक:
मूळ कारण २० टक्के इथेनॉल आहे. ते आल्यापासून वाफ जास्त होते आणि रबरही खराब होते.

ऐरोली पूल:
रबराबद्दलची शंका जुन्या गाड्यांपुरती मान्य आहे. वाफेचे म्हणाल, तर पेट्रोलचा बाष्पदाब सर्वाधिक वाढतो तो साधारण १० टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणात, २० टक्क्यांत नाही. शिवाय वाफ कितीही झाली तरी व्हॉल्व्ह नीट बंद होत असेल, तर ती डब्यातच थांबते.

पामबीच प्रवासी:
मी एका अमेरिकन व्हिडिओत पाहिले आहे की अशा वेळी आधी टाकीचे झाकण बदलायचे आणि मग स्मोक टेस्ट करायची. वाशीत ती करून मिळेल.

तुर्भे नाका:
ती चाचणी गळती शोधण्यासाठी असते. अमेरिकेतल्या गाड्या अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्राचीही स्वतः तपासणी करतात, म्हणून तिकडे झाकण सैल राहिले तरी दिवा लागतो. आपले बीएस ६ चे नियम युरोपच्या धर्तीवर आहेत आणि त्यांत पर्ज व्हॉल्व्हचे विद्युत मंडल तुटलेले नाही ना, एवढे पाहणे पुरते. व्हॉल्व्ह उघडा अडकला तरी त्याची तार शाबूत असते, म्हणून त्याचा स्वतंत्र कोड आलेला नसावा. झाकण बदलल्याने इथे काहीही होणार नाही.

पामबीच प्रवासी:
माझे तरी झाकण बदलल्यावर ठीक झाले होते.

ऐरोली पूल:
माजिवडेकर, सकाळी थंड इंजिन सुरू करून लगेच व्हॉल्व्हची डब्याकडची नळी काढा आणि व्हॉल्व्हच्या तोंडावर बोट ठेवा. सुरुवातीच्या एक-दोन मिनिटांत ईसीएम सहसा पर्ज करत नाही, तेव्हा ओढ जाणवली तर व्हॉल्व्ह गळतो आहे. मग इंजिन बंद करून व्हॉल्व्ह सोडवा आणि वीज न जोडता त्यात हवा फुंका. ती आरपार जाता कामा नये. फुंकण्यापूर्वी तो पांढऱ्या कागदावर झटकून पाहायला विसरू नका.

माजिवडेकर:
आज सकाळी केले. बोट चिकटून बसेल एवढी ओढ होती आणि फुंकलेली हवा सरळ पलीकडे गेली. कागदावर चहाच्या भुकटीसारखे काळे कण पडले. गॅरेजला ईसीएम नको म्हणून कळवले आहे, पण ते आता व्हॉल्व्ह साफ करून परत बसवतो म्हणत आहेत.

ऐरोली पूल:
ते कण डब्यातल्या कोळशाचे आहेत. ऑटो कटनंतर घातलेले पेट्रोल द्रवरूपातच डब्यात जाते आणि कोळसा भिजून फुटतो. नुसता व्हॉल्व्ह साफ केला किंवा नवा बसवला, तर नवे कण येऊन तोही अडकेल, म्हणून डबाही बदलावा आणि मधली नळी हवा मारून स्वच्छ करून घ्यावी.

नौपाड्याचे काका:
तरीही टाकीतले पाणी एकदा तपासून घ्या.

माजिवडेकर:
डबा मागवावा लागणार आहे, चार दिवस लागतील. तोपर्यंत नवा व्हॉल्व्ह बसवून, नळी साफ करून घेतली. संध्याकाळी त्याच पंपावर पेट्रोल भरले, पहिल्या कटला थांबवले आणि पहिल्याच सेल्फला गाडी सुरू झाली. पंपावरच्या मुलाला ३७ रुपये सुटे द्यावे लागले, तेवढा तो नाराज झाला.