कॅननवरून निकॉनवर आलोय, हात मात्र अजून कॅननचेच आहेत. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी नाटक, नृत्य, मैफली अशा मंचीय कार्यक्रमांचे फोटो काढतो. बरीच वर्षं कॅननवर काम केलं, शेवटची बॉडी फाइव्ह डी मार्क फोर. आता निकॉनचा झेड सिक्स टू घेतलाय. "कॅननच्याच आर मालिकेत का नाही गेलात?" हे कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगून टाकतो. ईएफ लेन्सा, म्हणजे आरशाच्या कॅमेऱ्यांसाठीच्या माझ्या जुन्या लेन्सा, कॅननच्या स्वतःच्या ऍडॅप्टरने (मधल्या जोडकड्याने) बिनआरशाच्या आर बॉडीवर विनातक्रार चालतात, हे ठाऊक आहे. पण ज्यांच्याबरोबर मी बहुतेक कामं करतो त्यांच्याकडे सगळं निकॉन आहे. लेन्सा, बॅटऱ्या, कार्डं अदलाबदल करता यावीत आणि दोघांच्या फाइली एकाच जातीच्या असाव्यात, एवढाच हिशेब.

फोटोच्या दर्जाबद्दल काही म्हणणं नाही. डोळ्यावर धरलेला फोकस सुटत नाही, एक्स्पोजर व्ह्यूफाइंडरमध्येच दिसतं, मजा येते. घोडं अडतंय ते बोटांपाशी. मी कायम मॅन्युअल मोडवर असतो. कॅननवर तर्जनीखालचं चाक शटरचं (उजेड किती वेळ आत येतो ते) आणि अंगठ्याखालचं ऍपर्चरचं (लेन्सचं छिद्र किती मोठं ते; आकडा वाढला की छिद्र लहान). निकॉनवर बरोब्बर उलट. संथ आलाप संपून नृत्याची लय चढली, की शटर १/१२५ वरून १/५०० वर न्यायचं म्हणून तर्जनी आपसूक फिरते, आणि ऍपर्चर २.८ वरून थेट ५.६ वर. व्ह्यूफाइंडर काळवंडतो, तोवर गिरकी संपलेली असते. झूम रिंगचंही तेच. चेहरा जवळ घ्यायला जावं तर अख्खा मंच दिसायला लागतो. लेन्स लावताना फिरवायची दिशासुद्धा उलटी, पण ते घाईत नसतं म्हणून चालून जातं.

तर चाकं सेटिंगमधून अदलाबदल करून घ्यावीत, की हातालाच नवं वळण लावावं? ज्यांनी अशी उडी मारली आहे त्यांनी काय केलं?

दुसरं म्हणजे, ईएफ ७०-२०० एफ/२.८ आणि १३५ एफ/२ या कॅननच्या दोन लेन्सा अजून माझ्याकडे आहेत. झेडसाठी इतर कंपन्यांचे ऍडॅप्टर मिळतात. ठेवाव्यात की विकाव्यात? तूर्तास दुसरी बॉडी म्हणून फाइव्ह डी सोबत नेतो, आणि घरी आल्यावर दोन्हीकडचे चेहरे जुळवता जुळवता जीव जातो. दोन्हीकडे केल्विनचा (दिव्याच्या रंगछटेचा) आकडा एकच ठेवला तरी एकीकडे कातडी गुलाबी, दुसरीकडे पिवळट.

आणि सायलेंट मोडमध्ये काही कार्यक्रमांत फोटोवर आडवे पट्टे येतात. बॉडीत बिघाड तर नाही ना?

जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

पट्ट्यांचं आधी. बॉडी ठणठणीत आहे. सायलेंट मोडमध्ये यांत्रिक पडदा (मेकॅनिकल शटर) वापरला जात नाही, सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो. मंचावरचे एलईडी दिवे डोळ्यांना कळणार नाही इतक्या वेगाने उघडझाप करत असतात. मग काही ओळी उजेडात वाचल्या जातात, काही अंधारात. तुमच्या सेन्सरची वाचण्याची गती बेताची असल्यामुळे पट्टे ठळक दिसतात. मेकॅनिकल शटरवर या. आरशाचा फटका आता नाही, त्यामुळे आवाज फाइव्ह डीपेक्षा कमीच. अगदी शांतताच हवी असेल तर शटर शक्य तितकं संथ ठेवून बघा. झेड नाइन आणि झेड एटचे सेन्सर खूप वेगाने वाचले जातात, शिवाय शटरचा वेग बारीक बारीक टप्प्यांनी दिव्यांशी जुळवायची सोय त्यांत आहे. पण ते पुढचं.

प्रतिसाद २

मीही याच वाटेने आलो. चाकं अजिबात उलटी करू नका! मेनूत कस्टमाइझ कमांड डायल्समध्ये ती सोय आहे, पाच मिनिटांत होतं. पण तुम्ही सोबत्याशी सामान वाटून घेणार आहात. उद्या त्यांची बॉडी हातात आली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आणि झूम रिंग? ती कुठल्याच मेनूतून फिरत नाही. हात बदलावा लागणारच आहे, तर पूर्ण बदला.

खरी अडचण ती फाइव्ह डी आहे. एका म्यानात दोन तलवारी ठेवल्यात. एकाच कार्यक्रमात दोन्ही हाताळलेत तर बोटांनी शिकायचं काय? घरी अंधारात बसून, कॅमेऱ्याकडे न बघता, शटर दोन स्टॉप (उजेड दुप्पट किंवा निम्मा करणारे टप्पे) वर, ऍपर्चर एक खाली, असा सराव करा. वेडेपणा वाटेल, पण उपयोग होतो.

प्रतिसाद ३

वरच्यांशी असहमत. पोटापाण्याचं काम असेल तर चाकं उलटी करून घ्या आणि मोकळे व्हा. रंगमंच ही शिकायची जागा नव्हे. सोबत्याच्या बॉडीचं तेव्हाचं तेव्हा बघू.

लेन्सांबद्दल: ईएफचं माउंटापासून (लेन्स बसते त्या कड्यापासून) सेन्सरपर्यंतचं अंतर ४४ मिमी, झेडचं १६. मधल्या २८ मिमीत ऍडॅप्टर आरामात बसतो, काच लागत नाही, म्हणून चित्रात फरक पडत नाही. ईएफचं ऍपर्चर १९८७ पासूनच विजेवर चालतं, त्यामुळे तेही बॉडीवरून बदलता येतं. गोम फोकसमध्ये. ऍडॅप्टर दोन कंपन्यांच्या भाषांमधला दुभाषी असतो, आणि कमी उजेडात त्याचा वेग कसा राहील हे लेन्सागणिक बदलतं. १३५ ठेवा, जमलं तर छानच. ७०-२०० हे तुमचं रोजचं हत्यार, ते मात्र मूळ झेडचंच घ्या. आणि सोबत्याच्या जुन्या लेन्सांवर हिशेब मांडण्याआधी एक बघा: एएफ-एस असतील, म्हणजे लेन्समध्येच मोटर असलेल्या, तर निकॉनच्या एफटीझेड ऍडॅप्टरवर फोकस करतील. एएफ-डी असतील, म्हणजे बॉडीतल्या मोटरवर चालणाऱ्या, तर फोकस हातानेच.

धागाकर्ता

धन्यवाद सगळ्यांना. मेकॅनिकल शटरवर पट्टे गेले. सोबत्यांना विचारलं, त्यांची ८०-२०० एएफ-डी निघाली, म्हणजे ती बाद. रंगांचं कुणी सांगेल का?

प्रतिसाद ४

केल्विनचा आकडा सारखा म्हणजे रंग सारखे, असं नसतं. दोन सेन्सरांवरच्या रंगगाळण्या वेगळ्या असतात. रंगपट्टीचा फोटो दोन्ही बॉड्यांनी एकाच दिव्याखाली काढा आणि प्रत्येकीचं वेगळं प्रोफाइल (रंगदुरुस्तीचा तक्ता) बनवून घ्या. पिवळट दिव्यांत चेहरे बरेच जवळ येतील. गडद निळ्या एलईडीत मात्र निळा चॅनल आधीच फुटलेला (कमाल पातळीला जाऊन तपशील गेलेला) असतो, तिथे प्रोफाइल काही करू शकत नाही. तिथे एक स्टॉप कमी एक्स्पोज करा.

निकॉनमधलं ऍक्टिव्ह डी-लायटिंगही (गडद भाग उजळवणारी सोय) बंद करा. बाहेरच्या बऱ्याच सॉफ्टवेअरना ते कळत नाही आणि रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) विनाकारण काळी दिसते.

धागाकर्ता

ते चालूच होतं! बंद केलं. चाकं तूर्त उलटी करत नाही. येत्या कार्यक्रमाला फाइव्ह डी घरीच ठेवतो आणि सोबत्यांची दुसरी झेड मागून घेतो. ७०-२०० एफ/२.८ कुणाला हवी असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.