नववीला घटनात्मक खटले शिकवायचे आहेत: सहा तासिका, ५२ मुलं

नववी-ब
दिवाळीनंतर एका तुकडीला सर्वोच्च न्यायालयाचे गाजलेले घटनात्मक खटले शिकवायला सहा तासिका मिळाल्या आहेत. पेठेतली शाळा, सेमी-इंग्रजी, म्हणजे राज्यशास्त्र मराठीतूनच. तासिका ३५ मिनिटांची, त्यातली पाच मिनिटं हजेरीत आणि स्थिरस्थावर होण्यात जातात. मूलभूत हक्क सातवीत आणि न्यायव्यवस्था आठवीत झाली आहे, पण कलमांचे आकडे कोणालाच आठवत नाहीत. सध्या माझ्याकडे बारा खटल्यांचा तक्ता आहे: नाव, साल, निकाल. पहिला अर्थातच केशवानंद भारती. एवढं पुरे का? अभिरूप न्यायालय (वर्गातच खटला लढवून पाहणं) घ्यायचं तर ५२ जणांना कामाला कसं लावायचं? आणि गुण कशावर द्यायचे?

पांढरा खडू
तक्ता नकोच. बारा नावं आणि बारा सालं मुलं घटक चाचणीपर्यंत घोकतील, पण एकाही खटल्यात भांडण कशावरून होतं ते सांगू शकणार नाहीत. सहा तासिकांत तीन खटले घ्या, फार तर चार.

सुरुवात बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य, १९८६ या खटल्याने करा. तीन भावंडं, दहावी, नववी आणि पाचवीत शिकणारी. राष्ट्रगीताच्या वेळी ती सरळ उभी राहायची, पण धर्मश्रद्धेमुळे गायची नाहीत. जुलै १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढलं. केरळ उच्च न्यायालयात ती हरली आणि सर्वोच्च न्यायालयात जिंकली. याचिकाकर्ते वर्गातल्या मुलांच्याच वयाचे असल्यामुळे वेगळी प्रस्तावना लागत नाही.

अर्ध्या ए-फोर कागदावर एवढ्याच घटना छापा. निकाल छापू नका, नाहीतर सगळं तिथेच संपतं. मागच्या बाजूला कलम १९(१)(क) (भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य), १९(२) (त्यावरचे निर्बंध), २५(१) (धर्मस्वातंत्र्य) आणि ५१क(क) (राष्ट्रगीताच्या आदराचं कर्तव्य) मराठी संविधानातून जसंच्या तसं. पाच मिनिटं गुपचूप वाचन. मग प्रत्येकाने वहीत दोन ओळींचा निकाल लिहायचा: शाळेचं बरोबर की मुलांचं, आणि कोणत्या कलमामुळे. आधी लेखी, मग हात वर. उलट केलंत तर पहिल्या बाकावरचा हुशार मुलगा जिकडे हात करील तिकडे पन्नास हात जातात. हात मोजून आकडे फळ्यावर लिहा, दोन्ही बाजूंच्या तिघा-तिघांना बोलू द्या, आणि शेवटच्या सात मिनिटांत निकाल सांगा.

निकालातला सगळ्यात शिकवण्याजोगा भाग सहसा राहून जातो. केरळच्या शिक्षण खात्याची राष्ट्रगीताबद्दल परिपत्रकं होती. न्यायालय म्हणालं, अभिव्यक्तीच्या हक्कावर निर्बंध घालायचा तर कायदा लागतो, खात्याचं परिपत्रक पुरत नाही. राष्ट्रगीत गायलाच हवं असं सांगणारा कायदा नव्हता. १९७१ चा राष्ट्रप्रतिष्ठा अवमान प्रतिबंधक कायदा राष्ट्रगीत हेतुपुरस्सर थांबवणाऱ्याला किंवा त्यात गोंधळ घालणाऱ्याला शिक्षा करतो, आणि ही मुलं तसं काहीच करत नव्हती. संविधान, कायदा, परिपत्रक ही उतरंड फळ्यावर काढा. (परिपत्रक म्हणजे काय हे शिक्षकांना वेगळं सांगायला नकोच.) ‘कोर्टाने उभं राहायची गरज नाही असं सांगितलं’ हा गैरसमज मात्र त्याच तासाला खोडा. मुलं उभी राहत होती म्हणूनच त्यांनी योग्य आदर दाखवला, असं न्यायालय म्हणालं.

दुसरा खटला श्रेया सिंघल, २०१५. सुरुवात आपल्या पालघरची आहे: नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंद असताना फेसबुकवरच्या एका पोस्टवरून दोन तरुणींना अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६अ कलमात ‘त्रासदायक’, ‘गैरसोयीचं’, ‘अत्यंत आक्षेपार्ह’ असले शब्द होते आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत. दहा काल्पनिक पोस्ट चिठ्ठ्यांवर लिहा: क्रिकेट संघाची टर, नगरसेवकावर टीका, वर्गमित्राच्या दिसण्यावर विनोद, शेजारच्या गणपती मंडळाच्या आवाजाची तक्रार. यातल्या ‘त्रासदायक’ कोणत्या, हे प्रत्येक रांगेने वेगळं ठरवायचं. रांगांची उत्तरं जुळत नाहीत, आणि कायदा संदिग्ध असणं म्हणजे काय हे त्यातूनच दिसतं. त्यानंतर न्यायालयाने हे कलम रद्द केलं हे, आणि चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी यांत केलेला फरक सांगा. चिथावणीपर्यंत गेल्याशिवाय बोलण्यावर बंदी नाही. तास संपण्यापूर्वी एक वाक्य आवर्जून घाला: धमकी आणि बदनामी हे गुन्हे दुसऱ्या कायद्यांखाली आजही आहेत. नाहीतर मुलं ‘आता काहीही लिहा’ एवढंच घेऊन घरी जातात.

काळा कोट
वरच्याशी सहमत. केशवानंद भारती पहिल्या दिवशी नको, पण गाळूही नका, शेवटी घ्या. पहिल्या दिवशी घेतला की जमीन सुधारणा, चोविसावी आणि पंचविसावी घटनादुरुस्ती, मालमत्तेचा तेव्हाचा मूलभूत हक्क यातच वर्ग झोपतो.

नववीला एकच प्रश्न ठेवा: कलम ३६८ खाली संसदेला घटनेत काहीही बदलता येतं का? चार दुरुस्त्या फळ्यावर लिहा. मतदानाचं वय २१ वरून १८, जे एकसष्टाव्या दुरुस्तीने खरंच झालं. सिक्कीमला राज्याचा दर्जा, जो छत्तिसाव्या दुरुस्तीने मिळाला. पुढची वीस वर्षं निवडणुका नाहीत. न्यायालयांना कायदे तपासण्याचा अधिकार नाही. शेवटच्या दोन काल्पनिक आहेत हे सांगायचं नाही, मुलांनाच अडखळू द्या. मग आकडे: याच प्रश्नावरचा आधीचा गोलकनाथ खटला, १९६७, अकरा न्यायाधीश, सहा विरुद्ध पाच. त्याचा फेरविचार करायचा म्हणून तेरा जणांचं पीठ, ६८ दिवस युक्तिवाद, २४ एप्रिल १९७३ ला सात विरुद्ध सहा: संसदेला घटना बदलता येते, पण तिची मूलभूत चौकट मोडता येत नाही. एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर? हा प्रश्न मुलं स्वतःच विचारतात.

इथे तीन चुका हमखास होतात. मूलभूत चौकटीची ठरलेली यादी न्यायालयाने दिली असं सांगितलं जातं. तशी बंद यादी नाही, वेगवेगळ्या न्यायमूर्तींनी वेगवेगळी उदाहरणं दिली आणि पुढच्या खटल्यांत भर पडली. दुसरी, ‘संसदेला मूलभूत हक्कांना हात लावता येत नाही’. हे गोलकनाथचं म्हणणं, केशवानंदने तेच बदललं. तिसरी, मालमत्तेचा हक्क अजून मूलभूत आहे असं समजणं. तो १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मूलभूत हक्कांतून निघून कलम ३००अ मध्ये गेला.

चौथ्या खटल्याला जागा उरली तर एडीएम जबलपूर, १९७६. आणीबाणीत विनाचौकशी स्थानबद्ध केलेल्याला न्यायालयात दाद मागता येते का? चार जण नाही म्हणाले, एकटे न्या. खन्ना हो म्हणाले. त्या चारांत न्या. यशवंत चंद्रचूड होते, पुण्याच्या नूमवि शाळेचे आणि आपल्या आयएलएस लॉ कॉलेजचे विद्यार्थी. २०१७ च्या पुट्टस्वामी (खासगीपणाच्या हक्काच्या) निकालात त्यांच्याच मुलाने, न्या. धनंजय चंद्रचूड यांनी, तो निकाल रद्द ठरवला. सर्वोच्च न्यायालयही चुकू शकतं, हे मुलांना यातून जेवढं कळतं तेवढं व्याख्यानातून कळणार नाही.

लॉ कॉलेज रस्ता
अभिरूप न्यायालयाबद्दल. स्टेजवर पाच जण बोलणार आणि ४७ जण बघणार, असं अजिबात नको. त्रिकुटं करा: एक याचिकाकर्त्याचा वकील, एक सरकारचा, एक न्यायमूर्ती. १७ त्रिकुटं म्हणजे ५१ मुलं, बावन्नावा घड्याळ आणि घंटा सांभाळेल. चार मिनिटं याचिकाकर्ता, चार मिनिटं सरकार, एक मिनिट उत्तर, तीन मिनिटांत न्यायमूर्तीने निकाल लिहायचा. बारा मिनिटांत फेरी होते. भूमिका बदलून दुसरी फेरी घेतली तरी तासिकेत बसतं.

न्यायमूर्तीला प्रत्येक वकिलाला निदान दोन प्रश्न मध्येच विचारायला भाग पाडा, नाहीतर वक्तृत्व स्पर्धा होते. साक्षीदार, पिंजरा, उलटतपासणी, ‘ऑर्डर ऑर्डर’ सगळं बाद. घटनापीठापुढे (घटनेच्या प्रश्नांसाठी बसणाऱ्या पाच किंवा जास्त न्यायमूर्तींपुढे) साक्षी होत नाहीत, कायद्यावर युक्तिवाद होतात. सिनेमाचं कोर्ट डोक्यातून काढायला २०२२ पासून होणारं घटनापीठाच्या सुनावणीचं थेट प्रक्षेपण पाच मिनिटं दाखवा. कंटाळवाणं वाटतं, तेच हवंय.

यासाठी ओल्गा टेलिस, १९८५ फार चांगला. मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांचा खटला. उपजीविका हा जीविताच्या हक्काचा भाग आहे हे न्यायालयाने मान्य केलं, पण पालिकेचा झोपड्या हटवण्याचा अधिकारही कायम ठेवला. फक्त पावसाळा जाईपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत, थांबायला सांगितलं. जिंकलं कोण, यावर १७ त्रिकुटांची मतं वेगळी पडतात.

गुण पाचांपैकी द्या: काय घडलं १, न्यायालयापुढचा नेमका प्रश्न १, लागू कलम १, कारण २. सालाला शून्य. प्रश्नपत्रिकेत शिकवलेला खटला न देता नवीन प्रसंग द्या.

नववी-ब
आभार. तक्ता गेला. आरक्षणाचा खटला घ्यावा का? इंद्रा साहनी मुलं स्वतःहून काढतीलच. आणि पालकांचं काय?

पांढरा खडू
काढली तर उत्तर द्या: १९९२, नऊ न्यायाधीश, पन्नास टक्क्यांची मर्यादा, २०२१ मध्ये मराठा आरक्षणाचा कायदा त्याच कसोटीवर रद्द झाला. पण हात वर करून मतदान या विषयावर नववीत नको. कोण कुठल्या समाजाचं हे वर्गाला ठाऊक असतं, आणि मत मोजलं की मूलच मोजलं जातं. पालकांसाठी एकच उपाय: निवडलेल्या खटल्यांचे घटना-कागद आधीच शाळेच्या ग्रुपवर टाका. प्रलंबित खटला वर्गात घेऊ नका.

काळा कोट
आरक्षण टाळावं हे पटत नाही. लेखी आणि बिननावी घेता येईल. बाकी ठीक.

निकालांसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर मराठी भाषांतरं पाहा, पण ती मुलांच्या हातात देऊ नका. भाषा जड असते. तुम्ही दोन परिच्छेद निवडून सोपे करा.

नववी-ब
न्यायमूर्ती झालेली मुलं प्रश्न विचारायला बुजतील. तयार प्रश्न आहेत का?

लॉ कॉलेज रस्ता
चिठ्ठीवर हे द्या, कुठल्याही खटल्याला चालतात: ‘हे कोणत्या कलमात आहे, वाचून दाखवा.’ ‘तुमचं म्हणणं मान्य केलं तर उद्या आणखी कोण हाच हक्क मागेल?’ ‘सरकारला हाच हेतू कमी कडक मार्गाने साधता आला असता का?’ तिसरा प्रश्न आला की सरकारी वकील गडबडतो. त्याला विचार करायला अर्धा मिनिट जास्त द्या.