जीव नकोसा झालेल्या पुरुषांसाठी वेगळं केंद्र हवं का?

माळरान: २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांत १,२२,००० हून जास्त पुरुष. राज्यांत सगळ्यात मोठा आकडा आपल्या महाराष्ट्राचा. माझा चुलतभाऊ गेल्या वर्षी म्हणाला, "जगावंसं वाटत नाही." एवढं एक वाक्य तोंडातून निघायला त्याला चार महिने लागले. रुग्णालयात नेलं, तर तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. परतताना एसटीत तो एक शब्द बोलला नाही.

इंग्लंडात लिव्हरपूलला २०१८ पासून 'जेम्स प्लेस' आहे. फक्त पुरुषांसाठी, मोफत. घरासारखी जागा, प्रशिक्षित थेरपिस्ट, आणि बोलणं सुचेना तर मनातलं दाखवायला टेबलावर मांडायची कार्डं. अशी एक जागा प्रत्येक जिल्ह्यात हवी.

कण्हेर: मला हे पटत नाही. तीन आठवड्यांची तारीख बाईलाही मिळते. माझ्या बहिणीला मिळाली होती. आहे त्या मानसोपचार विभागात आधी माणसं भरा, नवी पाटी कशाला? टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर ऑक्टोबर २०२२ पासून आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

माळरान: नंबर मीच त्याच्या मोबाइलमध्ये घालून दिला होता. लावला नाही. "अनोळखी माणसापुढं रडू काय?" म्हणाला. बहिणीची वाट बंद करा असं मी म्हणत नाही. पण पुरुष दारापर्यंतच येत नाही, त्याचं काय करायचं?

तुरीचं शेत: विदर्भातून लिहितोय. शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी सरकारचा प्रेरणा प्रकल्प आला, आशाताई घरी येऊन विचारपूस करायच्या. त्या यायच्या तेव्हा बाबा शेतात असायचे, उत्तरं आई द्यायची. आणि बाबांचं दुखणं सोसायटीच्या थकबाकीत होतं. समुपदेशकाच्या हातात सातबारा कोरा करणं नसतं. केंद्र काढाच, पण तिथं बँकेशी बोलून हप्ते लावून देणारा माणूस बसवा. नाहीतर मला त्यात रस नाही.

वॉर्डातली ताई: मी परिचारिका आहे. जीव वाचलेल्या पेशंटचे नातेवाईक आजही विनवतात, "ताई, अपघात लिहा." पोलिसांची भीती. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं अशा माणसाला तीव्र तणावाखालचा मानून शिक्षेपासून वाचवलं. जुलै २०२४ पासून तर आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुनं कलम ३०९ नव्या भारतीय न्याय संहितेत राहिलंच नाही. हे घराघरांत कुणी सांगितलेलंच नाही. कण्हेरताई, पदं भरा हे खरंच. पण ओपीडी सकाळची असते. रोजंदारीवरचा माणूस दिवस बुडवून कसा येईल? संध्याकाळी उघडा, आणि डिस्चार्जनंतर पहिल्या आठवड्यात आपणहून फोन करा. त्या दिवसांत माणूस फार एकटा असतो.

कण्हेर: संध्याकाळची ओपीडी मान्य. फोनही मान्य. 'फक्त पुरुष' अजूनही नाही. माळरान, भाऊ कसा आहे ते लिहिलं नाहीत.

माळरान: दुसऱ्या डॉक्टरांची औषधं चालू आहेत. काल उसाच्या लागणीवरून माझ्याशी तासभर भांडला.