येशूचे बरे करण्याचे चमत्कार, वीस मिनिटांत काय सांगू?

संडेस्कूलताई:
नमस्कार मंडळी. आमच्या तरुण संघाचा दर शुक्रवारी बायबल अभ्यास असतो, यावेळी विषय माझ्या गळ्यात पडलाय, येशूने आजाऱ्यांना बरं केलं ते चमत्कार. मी हुशारी करून वहीत रकाने पाडले, कोण आजारी, कुठे, काय केलं, आणि तिथेच फसले. येशूची गोष्ट सांगणारी बायबलमधली पुस्तकं चार, मत्तय, मार्क, लूक आणि योहान, आणि चारही जुळत नाहीत. यरीहो गावचा आंधळा मार्कात एकटा आहे, नाव बार्तीमय, येशू गावातून बाहेर पडताना भेटतो. लूकमध्ये तो गावाजवळ येताना भेटतो. मत्तयात तर आंधळे दोन! चाकर आजारी असलेला शताधिपती, म्हणजे रोमन सैन्यातला अधिकारी, मत्तयात स्वतः येतो, लूकमध्ये यहूद्यांच्या वडीलजनांना पाठवतो. योहानात मोजून तीनच जण बरे होतात, मेलेल्या लाजराला उठवलं ते वेगळं. चर्चमधल्या एका काकांना विचारलं तर म्हणाले फरक शोधत बसू नकोस, विश्वासाने वाच. अहो विश्वासाने चारचारदा वाचलं म्हणूनच तर दिसले. आता सुरुवात कुठून करू?

वसईकर:
वही ठेवा, पण ती घेऊन उभ्या राहू नका, पोरं झोपतील. एकच प्रसंग घ्या आणि तोही सगळ्यांना पाठ असलेला नको. मार्कचा आठवा अध्याय, वचनं 22 ते 26, बेथसैदा गावचा आंधळा. हा मत्तय आणि लूक दोघांनीही घेतलेला नाही, का ते वाचल्यावर कळतं. येशू त्याला हात धरून गावाबाहेर नेतो, डोळ्यांत थुंकतो, हात ठेवतो आणि विचारतो, काही दिसतंय का? आणि तो माणूस प्रामाणिकपणे सांगतो की माणसं दिसतात पण झाडांसारखी, चालणारी. म्हणजे अर्धवट! मग परत हात ठेवावे लागतात. दोन दमांत झालेला असा चमत्कार दुसरा नाही. नंतरच्या लेखकांना ते अडचणीचं वाटलं असणार असं माझं मत, पण मार्कने बिनदिक्कत लिहून ठेवलं.

आता आजूबाजूला बघा. त्याच्या जरा आधी होडीत येशू शिष्यांवर वैतागलाय, डोळे असून तुम्हाला दिसत नाही का म्हणून. आणि लगेच पुढे फिलिप्पाच्या कैसरीया या शहराजवळ शिष्य पेत्र येशूला म्हणतो तू ख्रिस्त आहेस, शाबास, आणि चार वचनांत तोच पेत्र येशूकडून 'सैताना, माझ्यामागे हो' ऐकून घेतो. त्यालाही माणसं झाडांसारखीच दिसत होती की! पुढे दहाव्या अध्यायाच्या शेवटी बार्तीमय एका फटक्यात बघायला लागतो आणि वाटेने येशूच्या मागे जातो. दोन आंधळ्यांच्या मधे शिष्यांचं न समजणं बसवलंय. तुमच्या वहीत हे दिसणार नाही कारण रकान्यात क्रम जातो.

ओपीडीवाली:
मी ख्रिश्चन नाही, पण डोळ्यांच्या दवाखान्यात बारा वर्षं काढलीत म्हणून मधे बोलते. ते झाडांचं वाक्य वाचून मी हसलेच. आमच्याकडे एक आजोबा होते, मोतीबिंदू पार पिकलेला, दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तर आधी स्वतःचा तळहात बघत बसले, मग कोपऱ्याकडे बोट करून म्हणाले तो पोरगा कधीचा उभा आहे, त्याला बसायला सांगा. तिथे सलाईनचा स्टँड होता. आजोबांच्या स्टँडचं माणूस झालं, त्या आंधळ्याच्या माणसांची झाडं. पण एक, झाड कसं दिसतं हे त्याला माहीत होतं म्हणजे तो जन्मांध नसणार ना?

वसईकर:
अगदी बरोबर पकडलंत. ग्रीकमध्ये त्याच्यासाठी जे क्रियापद आहे त्याचा अर्थ पूर्वी होतं तसं परत होणं, मार्क 3 मधल्या वाळलेल्या हातालाही तेच आहे. जन्मांध तो योहान 9 मधला, ज्याला चिखल लावून शिलोहच्या तळ्यावर धुवायला पाठवलं. ते तळं 2004 साली यरुशलेममध्ये सांडपाण्याचा पाइप दुरुस्त करताना सापडलं, पायऱ्यांसकट.

आणि थुंकीचं म्हणाल तर त्या काळी ते कोणाला विचित्र वाटत नव्हतं. रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो की अलेक्झांड्रियात एका आंधळ्याने रोमन सम्राट वेस्पासियनला डोळ्यांवर थुंकी लावायची गळ घातली. तो आधी हसला, मग वैद्यांना विचारलं की हे बरं होण्यासारखं आहे का, आणि मग गर्दीसमोर लावली. येशू मात्र बेथसैदाच्या आंधळ्याला लोकांपासून दूर, गावाबाहेर नेतो. फरक शोधायचेच असतील तर असले शोधा.

संडेस्कूलताई:
वाह, हेच घेते. पण खरी भीती वेगळीच आहे. आमच्या आजीला एका चंगाई सभेत, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करायच्या सभेत, सांगितलं होतं की तुझा विश्वास कमी पडला म्हणून गुडघे बरे होत नाहीत. बिचारी वर्षभर मनाला लावून बसली होती. कोणीतरी पोरगं हे विचारणारच.

जुनी वही:
मग त्याला विचारा, बेथसैदाच्या माणसाचा विश्वास कुठे तपासलाय? त्याला तर लोकांनी आणलंय, विनवणीही त्यांनीच केली. कफर्णहूमच्या पक्षघाती माणसाला चौघांनी छप्पर उकरून खाली सोडलं, तिथे येशूने 'त्यांचा' विश्वास पाहिला असं लिहिलंय. योहान 5 मधला, तळ्याकाठी पडलेला, अडतीस वर्षांचा आजारी तर, बरा व्हायचंय का विचारलं तरी हो म्हणत नाही, तक्रार सांगतो. आणि योहान 9 मध्ये पाप कुणाचं, याचं की आईबापाचं, यावर येशू म्हणतो दोघांचंही नाही. आजीला हे वाचून दाखवा.
मात्र सगळं आपल्या बाजूचं आहे असंही नाही. येशूच्या स्वतःच्या गावात, नासरेथात, लोकांच्या अविश्वासामुळे त्याला फारसं काही करता आलं नाही हे मार्क 6 मध्येच आहे, आणि 'तुझ्या विश्वासाने तुला बरे केले' हे बारा वर्षं रक्तस्राव होणाऱ्या बाईला म्हटलंय. पण तिच्याकडे काय होतं बघा, मार्क म्हणतो वैद्यांच्या हातून हाल झाले, होतं ते सगळं गेलं, दुखणं उलट वाढलं. लूकने हे हाल आणि वाढणं गाळलं, परंपरा त्याला वैद्य म्हणते, आपल्या धंद्याची बाजू सांभाळली असेल :) गर्दीत मागून येऊन कपड्याला हात लावला, एवढाच तिचा विश्वास. सभेतल्या भाऊंना तो चालला असता का माहीत नाही.

संडेस्कूलताई:
आजीला आत्ताच वाचून दाखवलं, तळ्याकाठचा माणूस तिला फार आवडला, म्हणाली माझ्यासारखाच कुरकुऱ्या आहे. आता शेवटची शंका, येशू बेथसैदाच्या आंधळ्याला घरी पाठवतो आणि सांगतो गावात पाऊलसुद्धा टाकू नकोस. मग घर कुठे होतं त्याचं?

वसईकर:
हे पोरांना विचारा. पाच मिनिटं तिथेच जातील, तुमचं काम हलकं.