हायडन की मोझार्ट? ऐकण्याच्या आनंदाविषयी एक मतभेद

पूर्वरंग (मूळ लेखन)

पाश्चात्त्य अभिजात संगीतातला आवडता रचनाकार कोण, असे विचारले की आपल्याकडचे बहुतेक रसिक मोझार्ट, बीथोवन किंवा बाख यांच्यापैकी एकाचे नाव घेतात. योझेफ हायडनचे नाव घेणारा क्वचितच भेटतो, आणि भेटला तरी ‘सिंफनीचा (वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या, अनेक भागांच्या रचनेचा) जनक’ या बिरुदापलीकडे बोलणे सहसा जात नाही. माझे मत असे आहे की लक्ष देऊन बसलेल्या श्रोत्याला क्षणोक्षणी जो आनंद मिळतो, तो हायडन जितका देतो तितका मोझार्टही देत नाही.

हायडन श्रोत्याच्या अपेक्षेलाच रचनेचा भाग करून घेतो. १७८१ सालच्या ओपस (रचनासंच) ३३ मधल्या दुसऱ्या स्ट्रिंग क्वार्टेटचा, म्हणजे चार तंतुवाद्यांसाठीच्या रचनेचा, शेवट पाहा. अंतिम भागाची नाचरी धून तोवर आपल्या ओळखीची झालेली असते. हायडन मध्येच एक संथ, गंभीर तुकडा आणतो आणि मग तीच धून चार खंडांत तोडून, प्रत्येक खंडानंतर शांतता ठेवून वाजवायला लावतो. चौथा खंड संपला की रचना संपली असे वाटते; पण लांबलेल्या शांततेनंतर पहिला खंड पुन्हा, अगदी हलक्या आवाजात येतो आणि सगळे तिथेच थांबते. ज्या स्वरवाक्याने धून सुरू होते त्यानेच ती संपू शकते, हे त्या क्षणापर्यंत आपल्या मनातही आलेले नसते. शेवट कुठे आहे हे ठाऊक असूनही पुढच्या वेळी कान त्या शांततेत तितकाच सावध राहतो, आणि हे मला विशेष वाटते.

दुसरा गुण सामग्रीच्या काटकसरीचा. त्याची शेवटची, १०४ क्रमांकाची सिंफनी ४ मे १७९५ रोजी लंडनमध्ये प्रथम सादर झाली. तिच्या पहिल्या भागात नवी, वेगळी धून अपेक्षित असते त्या जागी हायडन पहिलीच धून नव्या पट्टीत ठेवतो, आणि नंतरचा विस्तार त्या धुनीतल्या काही स्वरांच्या एका लहानशा तुकड्यावर उभा करतो. इतक्या थोड्या ऐवजावर इतके मोठे बांधकाम होताना ऐकणे हा बुद्धीचा आणि कानाचा एकत्र आनंद आहे.

हे सामर्थ्य त्याला परिस्थितीनेही दिले. १७६१ पासून जवळजवळ तीस वर्षे तो एस्तरहाझी या सरदार घराण्याच्या चाकरीत होता, आणि त्यातला बराच काळ व्हिएन्नापासून दूर, हंगेरीतल्या एस्तरहाझाच्या राजवाड्यात गेला. वाद्यवृंद त्याच्या हाताखाली असल्यामुळे काय परिणाम करते आणि काय परिणाम कमी करते हे पाहून जोडता, कापता, धाडस करता आले, आणि जगापासून तुटल्यामुळे आपल्याला स्वतंत्र व्हावेच लागले, अशा अर्थाचे त्याने उतारवयात सांगून ठेवले आहे.

सप्तक

आपण हायडनच्या कौशल्याचे वर्णन केले आहे, आणि त्यातले प्रत्येक वाक्य मला मान्य आहे. मात्र आनंद आणि कौशल्याची पारख या दोन गोष्टी आपण एकच धरल्या आहेत. डिसेंबर १७८२ मध्ये वडिलांना लिहिलेल्या पत्रात मोझार्टने आपल्या नव्या पियानो कॉन्चेर्तोंविषयी (एकल पियानो आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचनांविषयी) म्हटले आहे की त्यांतल्या काही जागांचे समाधान फक्त जाणकारांना मिळेल, परंतु त्या अशा लिहिल्या आहेत की इतरांनाही, कारण न कळता, आनंद व्हावा. धुनीची अपेक्षा, तिचा भंग आणि पुनर्रचना हे सर्व टिपणारा श्रोता हायडनला हवा असतो. मोझार्ट ज्याला काहीच टिपता येत नाही त्यालाही आत घेतो आणि जाणकाराला तरीही काही कमी पडू देत नाही.

ए मेजर या पट्टीतल्या (मेजर व मायनर हे पाश्चात्त्य पट्ट्यांचे दोन प्रकार) २३ व्या पियानो कॉन्चेर्तोचा (१७८६) मधला भाग ऐका. तो एफ शार्प मायनरमध्ये आहे, आणि मोझार्टने त्या पट्टीत दुसरा कोणताही भाग लिहिला नाही. पियानो एकटाच सुरू होतो, सोबत कोणी नसते; मग क्लॅरिनेट आणि बासरी येतात तेव्हा कोणीतरी ते दुःख ऐकले आहे असे वाटते. हायडननेही १७७२ साली याच पट्टीत ४५ वी सिंफनी लिहिली. तिच्या शेवटी वादक एकेक करून वाजवणे थांबवून निघून जातात आणि अखेर दोनच व्हायोलिने उरतात. घरी जायला आसुसलेल्या वादकांची व्यथा एस्तरहाझी घराण्याच्या प्रमुखाला कळावी म्हणून ती युक्ती योजली होती, अशी प्रसिद्ध हकीकत आहे. ती सुंदरच आहे, परंतु ऐकताना मन त्या कल्पनेकडे जाते. मोझार्टचे ऐकताना कल्पना अशी काही उरतच नाही.

ऑपेराची गोष्ट तर वेगळीच. मोझार्टच्या ‘फिगारो’ या ऑपेराच्या शेवटी, इतरांनी केलेली क्षमेची प्रत्येक विनवणी झिडकारणारा काउंट स्वतः पत्नीपुढे गुडघे टेकतो. त्याच्या तोंडी मोझार्टने अत्यंत साधी, संथ स्वरावली दिली आहे, आणि तिची क्षमा त्याहून साधी आहे. मग रंगमंचावरचे सगळे त्या स्वरांत सामील होतात. मला संगीतातला याहून मोठा क्षण माहीत नाही. आणि प्रागहून ऑपेराची मागणी आली तेव्हा, थोर मोझार्टच्या शेजारी उभे राहणे कोणालाही अवघड आहे, असे कळवून १७८७ मध्ये नकार देणारा रचनाकार स्वतः हायडनच होता.

विलंबित

मी पूर्वरंग यांच्या बाजूने, पण वेगळ्या कारणाने लिहितो. माझा कान ख्यालावर घडला, आणि पाश्चात्त्य संगीतात मला पहिली वाट हायडनने दाखवली. एकाच बीजातून सगळा विस्तार काढणे हे आपल्या बढतीच्या फार जवळचे आहे: बंदिशीचा मुखडा घ्यायचा, त्याचा एक तुकडा सोडवायचा, त्याच्याभोवती फिरायचे आणि परत यायचे. १०४ व्या सिंफनीचा शेवटचा भाग तर हॉर्न आणि चेलो यांनी धरून ठेवलेल्या एकाच स्वरावर सुरू होतो आणि त्यावर लोकगीतासारखी धून येते. तानपुऱ्यावर वाढलेल्या श्रोत्याला तिथे घरी आल्यासारखे वाटते. मोझार्ट एकामागून एक नव्या सुरेल धुना देत राहतो, आणि त्यांपैकी कोणत्याच धुनीपाशी पुरेसे थांबायला मिळाले नाही अशी रुखरुख मला लागते.

तारषड्ज

विलंबित यांचे साम्य आकर्षक आहे, तरी ते मला मान्य नाही, कारण ते हायडनमधली सर्वांत महत्त्वाची गोष्ट दृष्टीआड करते. बढतीत षड्ज अढळ असतो आणि प्रत्येक स्वराचा अर्थ त्या षड्जाशी असलेल्या नात्यातून येतो. हायडनची तीच धून नव्या पट्टीत परत येते तेव्हा ती सारखी दिसते इतकेच. तिच्याखालची जमीन सरकलेली असते, आणि मूळ जमिनीवर परतण्याची ओढ हीच त्या भागाची खरी गती असते. सृष्टीच्या उत्पत्तीवरच्या त्याच्या ‘द क्रिएशन’ या गायन व वाद्यवृंदाच्या रचनेची (१७९८) सुरुवात आठवा. सृष्टीपूर्वीचा गोंधळ दाखवताना संगीत सी मायनरच्या आसपास भटकते, विसाव्याची जागा जवळ आली की बगल देते, आणि ‘प्रकाश झाला’ या शब्दावर सगळा वाद्यवृंद पूर्ण ताकदीने सी मेजरमध्ये उघडतो. स्थिर आधारस्वराच्या संगीतात हा परिणाम संभवत नाही, जसा मारवा रागात षड्ज टाळत राहिल्याने होणारा परिणाम सिंफनीत संभवत नाही. हायडनला ख्यालाच्या कानाने ऐकले तर धून ऐकू येईल, प्रवास ऐकू येणार नाही.

आणखी एक मुद्दा वादनाचा. अनेकांना हायडन कोरडा वाटतो त्याचे कारण पुष्कळदा अवजड वादन असते. संगीतसंचालक अंताल दोरातींनी फिलहार्मोनिया हंगारिका या, १९५६ नंतर हंगेरी सोडलेल्या वादकांच्या वाद्यवृंदाकडून सगळ्या सिंफनी ध्वनिमुद्रित केल्या, आणि आता जोव्हान्नी आंतोनिनी हायडनच्या जन्माच्या २०३२ मधल्या त्रिशताब्दीपर्यंत तेच काम जुन्या धाटणीच्या वाद्यांवर करीत आहेत. दोन्हींतली एकच सिंफनी लागोपाठ ऐकावी आणि मग कोरडेपणाविषयी बोलावे.

पूर्वरंग

सप्तक यांनी उल्लेखलेला नकार ऑपेरापुरता होता, आणि तिथे मोझार्टचे श्रेष्ठत्व मीही मानतो. क्वार्टेटच्या बाबतीत मात्र ऋण उलट दिशेचे आहे: ओपस ३३ पुढे ठेवून मोझार्टने स्वतःचे सहा क्वार्टेट लिहिले आणि १७८५ मध्ये ते हायडनलाच अर्पण केले. त्याच वर्षी ते ऐकल्यावर, माझ्या माहितीतल्या रचनाकारांत तुमचा मुलगा सर्वांत मोठा आहे, असे हायडनने मोझार्टच्या वडिलांना सांगितले, हेही मी लपवत नाही. त्या उद्गारातून हायडनची पारख दिसते. आजच्या श्रोत्याने त्यापुढे विचार करू नये असे त्यातून निघत नाही.

दुःखाच्या प्रश्नावर मात्र मी माघार घेणार नाही. ओपस ७६ मधल्या पाचव्या क्वार्टेटचा संथ भाग ऐका. तो एफ शार्प मेजरमध्ये आहे, आणि तो गात्या स्वरात व खिन्नपणे वाजवावा अशी सूचना हायडनने स्वतः लिहिली आहे. तंतुवाद्यांना त्या पट्टीत मोकळ्या तारांचा आधार जवळजवळ मिळत नाही, त्यामुळे नाद झाकलेला, आतल्या आत राहणारा येतो. इथे कोणतीही युक्ती नाही. साठी ओलांडलेल्या रचनाकाराने मेजर पट्टीत लिहिलेले हे दुःख मला मोझार्टच्या त्या कॉन्चेर्तोपेक्षा अधिक काळ सोबत करते.

सप्तक

तो भाग मी आत्ता पुन्हा ऐकला. तो विलक्षण आहे यात शंका नाही, आणि मोकळ्या तारांविषयीचे आपले म्हणणे नाद ऐकताच पटते. तरीही माझा आक्षेप तसाच राहतो. तिथे चारही वाद्ये एकाच भावनेत आहेत; कॉन्चेर्तोत एकटा पडलेला आवाज आणि त्याला उत्तर देणारे इतर असे दोन पक्ष आहेत, आणि ते उत्तर येईल की नाही हे पियानो थांबेपर्यंत कळत नाही. आपण ज्याला श्रोत्याच्या अपेक्षेचा आनंद म्हणता तो इथेही आहे, फक्त इथे अपेक्षा धुनीच्या पुढच्या तुकड्याची नसून दुसऱ्या माणसाची आहे. मोझार्टचा जी मायनरमधला स्ट्रिंग क्विंटेट (पाच तंतुवाद्यांची रचना, १७८७) आपण याच दृष्टीने ऐकावा, विशेषतः शेवटच्या भागाआधीचा तो संथ प्रवेश, जिथे पहिले व्हायोलिन गाते आणि बाकीचे चौघे त्याला सांभाळत राहतात. त्यावरचे आपले मत वाचायला मला आवडेल.